उंदीर जवळ गेला, पण कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई मानसशास्त्रात एम.ए. करतायत. मेंदूच्या एका भागाला प्रकाश किंवा वीज दिली की उंदीर दुसऱ्या उंदराशी जास्त मिसळतो आणि दुसऱ्या एका भागाला दिली की तोंड फिरवतो, असं त्यांनी वाचलंय. हे प्रयोग करतात कसे, त्यातून ‘सामाजिक प्रेरणा’ खरंच कळते का, आणि लोकांत जायचं टाळणाऱ्या विद्यार्थ्यांवर टीडीसीएस (डोक्यावरून अगदी क्षीण वीज देण्याची पद्धत) वापरून प्रबंध करता येईल का, असं त्यांनी विचारलंय. जाता जाता आणखी एक प्रश्न आहे: ऑनलाइन मिळणारं तसलं यंत्र धाकट्या भावाच्या बुजरेपणासाठी घ्यावं का?

यंत्राचं आधीच सांगून टाकतो: घेऊ नका. का, ते पुढे येईलच.

मी सुरुवातीची काही वर्षं उंदरांवर ऑप्टोजेनेटिक्सचं, म्हणजे प्रकाशाने पेशी चेतवण्याचं, काम केलं, आता माणसांवर टीएमएस (डोक्याबाहेरून चुंबकीय झटके देणं) आणि टीडीसीएस करतो. दोन्हीकडे काम करून माझं एक मत पक्कं झालंय. मेंदूला बाहेरून चेतवण्याचा मोठा फायदा म्हणजे कारणापर्यंत पोहोचता येतं. स्कॅनमध्ये फक्त एवढंच दिसतं की माणूस मित्राचा फोटो पाहत असताना अमुक भाग जागा होता. तो भाग मुद्दाम चेतवला किंवा दाबला आणि वागणं बदललं, तर त्या भागाचा त्या वागण्यात हात आहे असं म्हणता येतं. पण बदललेलं वागणं कुठल्या इच्छेतून आलं, हे चेतवणारं यंत्र सांगत नाही. ते चाचणीतून कळतं. आमच्या क्षेत्रात लोक यंत्रावर जीव ओवाळून टाकतात आणि चाचणी मात्र कुणाची तरी आयती उचलतात. निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात.

याचं जुनं आणि गाजलेलं उदाहरण स्पेनमधल्या कोर्दोबाचं आहे. १९६३ साली होसे डेल्गादो हा मेंदूशास्त्रज्ञ रिंगणात उतरला, समोरून बैल धावून आला, त्याने हातातल्या ट्रान्समीटरचं बटण दाबलं आणि बैलाच्या मेंदूतल्या कॉडेट केंद्रकात बसवलेल्या तारेतून वीज गेली. बैल थबकला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, आक्रमकपणाच बंद पाडला. पुढे टीकाकारांनी चित्रफीत नीट पाहून दाखवलं की बैल एका बाजूला वळत होता. कॉडेट हा हालचालींशी घट्ट जोडलेला भाग आहे. बैलाचा राग गेला होता की त्याला नुसतं सरळ धावता येत नव्हतं, हे त्या प्रयोगातून ठरवताच येत नाही. ‘टाळलं’ आणि ‘जमलं नाही’ यांतला फरक तेव्हापासून आमच्या मानगुटीवर बसलाय.

आता पद्धतीकडे येऊ. विजेच्या तारेची अडचण अशी की टोकाजवळची प्रत्येक पेशी चेतते, शेजारून जाणारे परके तंतूसुद्धा. २००५ साली हिरव्या शेवाळातल्या एका प्रथिनाने हा प्रश्न बराच सोडवला. क्लॅमिडोमोनास नावाच्या एकपेशीय शेवाळातलं चॅनलऱ्होडॉप्सिन निळा प्रकाश पडला की उघडतं आणि पेशीत विद्युतभारित कण शिरू देतं. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने हे प्रथिन ठरावीक जातीच्याच पेशींत बसवायचं, केसाएवढी प्रकाशतंतूची नळी कवटीतून आत सोडायची आणि लेझर लावायचा. मग फक्त डोपामिन हे निरोप वाहणारं रसायन सोडणाऱ्या पेशी, त्यातही फक्त अमुक ठिकाणी जाणारे त्यांचे तंतू, हजारांश सेकंदाच्या अचूकतेने चेतवता येतात. दुसरा मार्ग रसायनाचा. पेशींत एक कृत्रिम ग्राहक (रिसेप्टर) बसवायचा आणि तो फक्त ठरावीक औषधाला प्रतिसाद देईल अशी व्यवस्था करायची. यात परिणाम तासन्‌तास टिकतो आणि उंदराच्या डोक्याला वायर लागत नाही. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या गटाने या पद्धतीने उंदरांच्या पिल्लांच्या पुढच्या मेंदूतल्या उत्तेजक पेशी जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत चेतवल्या, तर ती पिल्लं मोठी झाल्यावर त्यांच्यात चिंतेसारखं वागणं दिसलं. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं.

वायरचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण नाही. दोन उंदीर एकत्र सोडले की पाहुणा आधी वायरच कुरतडायला जातो, आणि ज्याच्या डोक्याला ती जोडलेली असते तो अंग चोरून वावरतो. स्टॅनफर्डच्या गटाने २०११ मध्ये प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, कपाळामागच्या भागाचा) प्रयोग करताना एक असं प्रथिन वापरलं, जे प्रकाशाच्या एका झोतानंतर बराच वेळ चालूच राहतं. त्यामुळे चाचणीच्या वेळी वायर काढून टाकता आली. त्यांना दिसलं की तिथल्या उत्तेजक पेशींचा जोर वाढवला तर उंदीर दुसऱ्या उंदराकडे फिरकेनासा होतो, पण नवी वस्तू मात्र नेहमीसारखीच हुंगतो. ती ‘वस्तू’वाली तुलना नसती, तर उंदीर सुस्तावलाय की सोबतीचा कंटाळा करतोय हे कळलंच नसतं.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रयोग. के टाय यांच्या एमआयटीमधल्या प्रयोगशाळेतून २०१६ मध्ये तो आला. डोपामिन म्हटलं की सगळे मध्यमेंदूतल्या व्हीटीए या भागाकडे धावतात. यांनी मात्र मेंदूच्या खोडात मध्यरेषेवर असलेल्या डॉर्सल राफेमधल्या मूठभर डोपामिन पेशी निवडल्या. त्या भागात सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाच्या पेशींचा एवढा गोतावळा आहे की या पेशींकडे फारसं कुणी पाहत नव्हतं. उंदराला २४ तास एकटं ठेवलं तर या पेशींवरचे सांधे (सायनॅप्स) बळकट झालेले दिसले. मग त्याला पुन्हा सोबत दिली की नव्या उंदराशी गाठ पडताक्षणी या पेशी जोरात चेतत होत्या. गटातच राहिलेल्या उंदरांत तसं होत नव्हतं.

पुढची पायरी चेतवण्याची. तीन खणांची पेटी घ्यायची: एका टोकाच्या खणात अनोळखी उंदीर, दुसऱ्या टोकाला नुसती वस्तू, मधला खण रिकामा. प्रकाश दिला की उंदीर सोबत्याच्या खणात जास्त वेळ काढू लागला. बरेच गट इथेच थांबून ‘सोबतीचं सुख देणारा भाग सापडला’ असा मथळा देऊन मोकळे झाले असते. यांनी आणखी एक साधी चाचणी घेतली. पेटीत कुणीही दुसरं नाही, फक्त दोन बाजू. एका बाजूला गेलं की प्रकाश चालू, दुसरीकडे गेलं की बंद. सुख असतं तर उंदीर प्रकाशाच्या बाजूला जाऊन बसला असता. तो उलट ती बाजू टाळू लागला.

म्हणजे त्याच पेशी चेतवल्या तर सोबत असताना उंदीर सोबत्याकडे जास्त जातो, आणि एकटा असताना त्याला ती अवस्था नकोशी वाटते. दोन्ही एकत्र वाचलं तर अर्थ लागतो तो असा: इथे सोबतीचा आनंद चेतवला गेला नव्हता, एकटेपणाची बोच चेतवली गेली होती. भुकेल्याला पोटातली कळ जेवणाकडे ढकलते, तसं. आणि याच पेशी दाबल्या तेव्हा एकांतवासानंतर उंदीर जो हावरटासारखा सोबतीवर तुटून पडतो, तो जोर ओसरला. एक बारकावा मला फार आवडतो. कळपात वरचढ असलेल्या उंदरांत हा परिणाम जास्त ठळक होता. तेच स्टिम्युलेशन, पण उंदराचं आपल्या टोळीतलं स्थान काय, यावर उत्तर बदलत होतं.

याच्या शेजारी स्टॅनफर्डचा २०१४ चा प्रयोग ठेवा. त्यात व्हीटीएकडून न्यूक्लियस अक्युम्बेन्स या बक्षिसाशी जोडलेल्या भागाला जाणारे डोपामिनचे तंतू चेतवले तर उंदीर सोबत्याशी जास्त मिसळला, आणि प्रीफ्रंटलकडे जाणारे चेतवले तर तसा परिणाम दिसला नाही. पहिल्या वाटेला ‘ओढ’ म्हणायला हरकत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दोन्ही प्रयोगांत एकच दृश्य दिसतं: उंदीर जवळ गेला. एकात ओढीने, दुसऱ्यात बोचणीने.

टाळण्याची बाजू याहून गुंतागुंतीची आहे. नेहमीची पद्धत म्हणजे सामाजिक पराभव. सीडी-१ जातीच्या दांडगट नराच्या पिंजऱ्यात लहानखुऱ्या उंदराला रोज काही मिनिटं टाकायचं, मार खाऊ द्यायचा, मग मध्ये छिद्रांची पारदर्शक भिंत घालून दिवसभर शेजारी ठेवायचं. असं साधारण दहा दिवस चालतं. त्यानंतर एका चौकोनात जाळीच्या आड नवा दांडगट ठेवला तर काही उंदीर कोपरा धरून बसतात आणि काही, तेवढाच मार खाऊनही, जवळ जाऊन हुंगतात. एकाच जातीचे, जवळजवळ एकसारख्या जनुकांचे उंदीर असे दोन गटांत का पडतात, यावर २००० नंतर प्रचंड काम झालं.

गंमत २०१३ मध्ये झाली. ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय गटाने व्हीटीएच्या डोपामिन पेशी भराभर चेतवल्या तर थोडाच मार खाल्लेला उंदीरसुद्धा सोबत टाळू लागला. टाय आणि स्टॅनफर्डचे डायसरॉथ यांच्या गटाने त्याच भागातल्या डोपामिन पेशी तशाच भराभर चेतवल्या, तर दीर्घकाळ बारीकसारीक ताण सोसलेले उंदीर सुधारले. मग खरं कोण? दोघेही. ताणाची जात वेगळी होती आणि मोजणीही वेगळी. एकीकडे दांडगटासमोर जाणं मोजलं, दुसरीकडे शेपटीने टांगल्यावर केलेली धडपड आणि साखरपाण्याची आवड. डोपामिन ‘आनंदाचं रसायन’ आहे असं ज्यांनी गृहीत धरलं त्यांची तेव्हा पंचाईत झाली. मला विचाराल तर त्या पेशी समोरची गोष्ट किती महत्त्वाची आहे हे अधोरेखित करतात. समोर नुकताच मार दिलेला दांडगट असेल तर तीच रेघ भीतीखाली ओढली जाते.

म्हणून चाचणीबद्दल मी हट्टी आहे. नुसता ‘जवळ घालवलेला वेळ’ मोजून भागत नाही. २०१३ मध्येच डोलेन आणि मलेंका यांनी वापरलेली युक्ती मला आवडते: एक दिवस सोबत्यांबरोबर एका प्रकारच्या बिछान्यावर, एक दिवस एकट्याने दुसऱ्या प्रकारच्या बिछान्यावर. नंतर कुणीही नसताना उंदीर कुठला बिछाना निवडतो ते पाहायचं. इथे सोबतीची आठवण त्याला हवीशी वाटते का, हे कळतं. आणखी कडक कसोटी म्हणजे सोबतीसाठी कष्ट करायला लावणं. रॅट (मोठ्या जातीचा उंदीर) सोबत्याचं दार उघडण्यासाठी कळ दाबतो का, किती वेळा दाबतो? २०१८ च्या एका अभ्यासात रॅटना हेरॉइन किंवा मेथॲम्फेटामिनची कळ आणि सोबत्याची कळ यांत निवड दिली, तर त्यांनी बहुतेक वेळा सोबती निवडला. प्रेरणा म्हणायची तर ही.

माणसाकडे आलं की आधी भूगोल आडवा येतो. टीएमएसचं आठ आकड्यासारखं कॉइल कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत नीट पोहोचतं. अक्युम्बेन्स, भीतीशी जोडलेला अमिग्डला, व्हीटीए त्याहून कितीतरी खोल आहेत. शस्त्रक्रिया करून खोल तार बसवणं फक्त रुग्णांत शक्य आहे. जर्मनीतल्या बॉनच्या गटाने २०१३ मध्ये कशालाच न बधणाऱ्या नैराश्याच्या सात रुग्णांत डोपामिनच्या वाटेजवळ तार बसवली आणि त्यांतले सहा सुधारले. पण सात माणसांवरून सामाजिक प्रेरणेचा सिद्धान्त उभा राहत नाही. त्यामुळे उंदरांवरचं वाङ्मय ‘हवंसं वाटण्या’बद्दल बोलतं आणि माणसांवरचं बहुतांशी ‘आवर घालण्या’बद्दल. कारण पृष्ठभागाजवळ जे आहे ते मुख्यतः आवर घालणारं कॉर्टेक्स आहे. अनेक लेख हा फरक न सांगता उंदरांवरून थेट माणसावर उडी मारतात, तिथे वाचकाने थांबायला हवं.

आवर घालण्याबद्दल मात्र उत्तम काम झालंय, मुख्यतः नेदरलँड्समधल्या नायमेखनला, कारिन रूलोफ्स आणि इव्हान टोनी यांच्याकडे. पडद्यावर हसरा किंवा रागावलेला चेहरा येतो. जॉयस्टिक स्वतःकडे ओढायची किंवा दूर ढकलायची. हसऱ्याला ओढणं आणि रागावलेल्याला ढकलणं आपोआप जमतं. उलट करायला सांगितलं की वेळ जास्त लागतो, चुका वाढतात. २०११ मध्ये त्यांनी डाव्या कपाळामागच्या अगदी पुढच्या भागाला चाळीस सेकंदांचा थीटा बर्स्ट (टीएमएसच्या झटक्यांचा एक ठरावीक क्रम) देऊन तो तात्पुरता मंदावला, तर उलट्या फेऱ्यांत चुका वाढल्या आणि स्कॅनमध्ये अमिग्डलातली हालचालही वाढलेली दिसली. २०२० मध्ये त्यांनी पुढच्या भागाची संथ थीटा लय आणि हालचालीच्या भागाची जलद गॅमा लय बाहेरून प्रत्यावर्ती विजेने जुळवून दिली, तर हा आवर सुधारला; लयी उलट्या टप्प्यावर ठेवल्या तर सुधारला नाही. कॉर्टेक्सच्या दोन भागांतला संवाद असा हाताळता येतो, ही मला या दशकातली मोठी गोष्ट वाटते. पण लक्षात घ्या, यात कुणाची माणसांबद्दलची ओढ वाढली नाही. आपोआप येणारी टाळण्याची ऊर्मी बाजूला सारून सांगितलेली कृती करणं तेवढं सुधारलं.

आता टीडीसीएस. दोन ओले स्पंज, एक ते दोन मिलिअँपिअर, साधारण वीस मिनिटं. यातली बरीचशी वीज टाळूच्या कातडीतूनच फिरून जाते, कॉर्टेक्सपर्यंत पोहोचणारं क्षेत्र फार क्षीण असतं. पेशींना ते चेतवत नाही, चेतायला किंचित सोपं किंवा अवघड करतं. म्हणून त्या वीस मिनिटांत माणूस काय करतोय, यावर परिणाम अवलंबून असतो. इटलीतल्या एका गटाने २०१२ मध्ये कॉम्प्युटरवरच्या चेंडूफेकीच्या खेळात लोकांना मुद्दाम वगळलं आणि उजव्या बाजूच्या खालच्या प्रीफ्रंटलवर टीडीसीएस दिलं, तर वगळल्याची टोचणी कमी झाल्याचं त्यांनी नोंदवलं. ही एका प्रयोगशाळेतली, त्या क्षणापुरती गोष्ट आहे. तुमचा भाऊ घरी पलंगावर बसून मोबाइल पाहत ते यंत्र लावणार, इलेक्ट्रोड दोन बोटं इकडे-तिकडे होणार, कातडी भाजली तर कुणी बघायला नसणार, आणि कॉलेजच्या वर्गात हात वर करायची भीती आहे तिथेच राहणार. समाजभयावर सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार), त्यातही भीतीच्या प्रसंगांना थोडं थोडं सामोरं जाण्याचा सराव, आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली औषधं, यांचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. आणि तो नुसताच कमी बोलणारा असेल, त्याला स्वतःला त्याचा त्रास नसेल, तर उपचार कसला करायचा?

हा शेवटचा मुद्दा संशोधनालाही लागू होतो. ऑटिझममध्ये सामाजिक प्रेरणाच कमी असते असा सिद्धान्त २०१२ च्या सुमारास गाजला. नंतर ऑटिस्टिक व्यक्तींच्याच अनुभवांवरून त्याला जोरदार आव्हान मिळालं: नजर चुकवतो म्हणजे माणसं नकोत असं नव्हे, डोळ्यांत पाहणं सोसवत नाही एवढंच. इच्छा असून टाळणं आणि इच्छाच नसणं यांत उंदराच्या पेटीत घोळ होतो, तर माणसात होणारच. फरक इतकाच, माणसाला विचारता येतं. तेव्हा विचारा.

प्रबंधाबद्दल थोडं व्यावहारिक. ‘टाळणारे विद्यार्थी’ असा गट बांधताना एक पेच आहे: खरोखर लोकांना टाळणारा माणूस डोक्याला वायरी लावून घ्यायला परक्या प्रयोगशाळेत येतच नाही. जे येतात ते मधल्या पट्ट्यातले असतात. म्हणून दोन गट पाडण्यापेक्षा समाजभयाची प्रश्नावली सगळ्यांना द्या आणि गुण सलग चढत्या श्रेणीने वापरा. खोट्या स्टिम्युलेशनची फेरी हवीच. त्यात सुरुवातीला अर्धा मिनिट वीज चढवून बंद करतात, म्हणजे मुंग्या तेवढ्याच येतात. पण दोन मिलिअँपिअरला अनेकांना फरक ओळखू येतो, तेव्हा शेवटी प्रत्येकाला ‘खरं होतं की खोटं?’ विचारून नोंद ठेवा. कपाळाची आग होत असेल तर कुणालाच गप्पा माराव्याशा वाटत नाहीत, आणि तो आकडा तुमच्या तक्त्यात ‘सामाजिक टाळाटाळ’ म्हणून जाऊन बसेल. म्हणून अस्वस्थता वेगळी मोजा. प्रयोग घेणारी व्यक्ती सगळ्यांसाठी एकच ठेवा आणि ती समोर न बसता मागे बसू दे, कारण बुजऱ्या माणसासाठी तीच खोलीतली सर्वांत मोठी सामाजिक उत्तेजना असते.

आणि आपल्याकडची खास सूचना: आदल्या दिवशी केस धुवून, तेल न लावता या, असं सहभागींना लेखी कळवा. खोबरेल तेल चोपडून आलेल्या डोक्यावर रोध इतका वर जातो की यंत्र चालूच होत नाही. मग स्पिरिट, कापूस, पुन्हा मिठाचं पाणी यात पाऊण तास जातो आणि तोवर सहभागी तुमच्याशी इतका मोकळा झालेला असतो की टाळाटाळ मोजायला काही उरत नाही.

कामाला सुरुवात जॉयस्टिकच्या चाचणीने करा, स्टिम्युलेशनशिवाय. पंचवीस-तीस जणांवर ती घेऊन तुमच्या पडद्यावर, भारतीय चेहऱ्यांच्या फोटोंसह, हसऱ्या-रागीट चेहऱ्यांतला तो फरक दिसतोय का ते पाहा. नाही दिसला तर वीज लावून काही हाती येणार नाही. दिसला, तर संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज करा. मिरगी, डोक्यात धातू, गर्भारपण, चालू औषधं ही वगळण्याची यादी आणि डॉक्टर सहमार्गदर्शकाचं नाव पहिल्याच पानावर घाला. ते नसेल तर समिती अर्ज परत पाठवते, आणि पुढची बैठक कित्येक आठवड्यांनी असते.